गुडविनच्या भुताचं पंचांग

इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर, डील गावासमोरच्या समुद्रात 'गुडविन सँड्स' हा वाळूचा दांडा आहे. त्याचं नाव काढलं की आधी भूत निघतं. १३ फेब्रुवारी १७४८ रोजी 'लेडी लव्हिबाँड' हे गलबत कप्तानाच्या लग्नाची मंडळी घेऊन निघालं, मत्सराने पेटलेल्या एका सहकाऱ्याने ते मुद्दाम वाळूवर घातलं, आणि तेव्हापासून दर पन्नास वर्षांनी त्याच तारखेला ते दिसतं म्हणे.

तारीखच तपासू. तेव्हा इंग्लंडात जुनी ज्युलियन कालगणना होती. १७५२ मध्ये पार्लमेंटने ती बदलून सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले. म्हणजे पन्नास वर्षं २४ फेब्रुवारीला भरायला हवीत. पण भूत १७९८ साली १३ तारखेलाच हजर! मेल्यावरही पार्लमेंटचा कायदा पाळणारे असे खलाशी विरळाच. त्या काळच्या कागदपत्रांत या अपघाताचा मागमूस नाही. शोधकांना सापडलेला सर्वांत जुना उल्लेख १९२४ च्या 'डेली क्रॉनिकल'मधला, तोही १४ फेब्रुवारीचा.

दंतकथेने बुडालेल्यांची आठवण तरी राहते, असं कोणी म्हणेल. कोणाची राहते? नोव्हेंबर १७०३ च्या वादळात 'स्टर्लिंग कॅसल', 'नॉर्थम्बरलँड', 'रिस्टोरेशन' आणि 'मेरी' या चार युद्धनौका इथे फुटल्या, हजाराहून अधिक माणसं गेली. त्यांतलं एकही भूत प्रसिद्ध नाही. १७४० च्या जानेवारीत बटाव्हियाकडे निघालेलं 'रोसवाइक' हे डच जहाज सगळ्यांसह बुडालं. पाणबुड्यांनी वर आणलेल्या त्याच्या चांदीच्या नाण्यांपैकी काहींना बारीक भोकं आहेत. चोरून न्यायची नाणी कपड्यात शिवून टाकण्यासाठी ती पाडलेली. जिवंत माणसाची लबाडी हातात धरून पाहता येते, मग नवरीचं भूत कशाला हवं?

मारेकरी तर वाळूच आहे. ओहोटीला ती इतकी घट्ट होते की तिच्यावर क्रिकेटचे सामने झाले आहेत. भरती आली की तीच भुसभुशीत होऊन अडकलेलं जहाज आत ओढते. आणि हाच दांडा आतल्या बाजूच्या 'डाउन्स' नांगरवाड्याला पूर्वेच्या लाटांपासून आडोसा देतो, म्हणून जहाजं तिथे शेकड्यांनी थांबत. वारा फिरून नांगर सुटला की आडोसाच जिवावर उठे.

१९५४ च्या नोव्हेंबरात तर धोक्याचा इशारा देणारी 'साउथ गुडविन' ही दीपनौकाच साखळ्या तुटून वाळूवर आडवी झाली. तिचे सातही खलाशी गेले. पक्षी न्याहाळायला आलेला एक पाहुणा तेवढा हेलिकॉप्टरने वाचला. गुडविनची गोष्ट सांगायचीच असेल, तर ही सांगा.