मेजरला शाल नको, लॉगबुक द्या

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत फौजेतून आलेला कुणीही असो, तो 'मेजर'च. मी हवालदार म्हणून घरी आलो, पण मिरचीच्या बाजारात अडत्यापासून हमालापर्यंत सगळे मला मेजरच म्हणतात. दुरुस्त करणं मी केव्हाच सोडून दिलंय. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेतून बोलावणं येतं. शाल, नारळ, 'दोन शब्द बोला मेजर' आणि टाळ्या. माझी तक्रार नाही, मान कुणाला नको असतो? पण या मानपानात चांगल्या माणसांची नासाडी होतेय, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण मोठ्या माणसाचंच घेतो. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचे, जन्म 1906 चा. सँडहर्स्टला शिकले, जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटची पलटण घेऊन लढले आणि डीएसओ हा शौर्यसन्मान मिळवला. लढाईच्या गोष्टी शाळेत मुलांना आवडतात, म्हणून तेवढ्याच सांगितल्या जातात. मला थोरात मोठे वाटतात ते कोरियातले. 1953 साली तिथलं युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात होते. त्यांच्या राखणीला भारताची फौज गेली आणि तिचे प्रमुख होते थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारनं आपल्या जवानांना जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरनं छावणीत उतरवावं लागलं. पुढं कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आपल्या कुंपणात ओढून नेलं. थोरात स्वतः आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलले आणि गोळी न झाडता आपला अधिकारी सोडवून आणला. हातात बंदुका असताना त्या न वापरणं काय असतं, हे पलटणीत राहिलेल्या माणसालाच कळतं.

पुढं ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले. चीन कुठून घुसेल आणि त्याला रोखायला किती फौज, किती रस्ते लागतील, याचा हिशेब त्यांनी मांडला. मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तो सिद्धही करून दाखवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. लष्करप्रमुख जनरल थिमय्यांना आपल्या जागी थोरात हवे होते, नेमणूक थापरांची झाली. 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चीननं हल्ला करून त्यांचा हिशेब खरा केला, आणि नोव्हेंबरात नेहरूंनी त्यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं.

डावललेला माणूस कोल्हापुरात बसून आयुष्यभर कुढला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. नव्या राज्याचे अधिकारी निवडायचं काम! मला विचाराल तर ही खुर्ची कांगॉपेक्षा अवघड. तिथं शत्रू समोरून येतो. इथं येणाऱ्याच्या हातात चिठ्ठी असते, आणि बहुतेक वेळा तो ओळखीतलाच असतो. ज्याच्या बापाची दोन एकर मिरची आहे आणि मुंबईत कुणी ओळखीचं नाही, त्या आमच्या भोकरदन तालुक्यातल्या पोराला वर चढायला आयोगाची परीक्षा हीच एक शिडी आहे. ती सरळ उभी राहावी म्हणून खाली एक न हलणारा माणूस लागतो.

फौजेतून परतलेले असे लोक आज आपण कुठं बसवतो? बँकेच्या दारात, स्टुलावर. शेजारी दुनळी बंदूक. त्या माणसानं नकाशे वाचलेले असतात, बर्फात रसद पोहोचवलेली असते, शंभर जणांच्या रेशनचा हिशेब ठेवलेला असतो. राज्याच्या वर्ग तीन आणि चारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना पंधरा टक्के आरक्षण आहे, ते हवंच. पण पगाराची नोकरी वेगळी आणि गावानं सोपवलेली जबाबदारी वेगळी.

सोपवली तर काय होतं, तेही दिसतं. खडकवासला धरणातला गाळ काढायला आणि काठावर झाडं लावायला निवृत्त लेफ्टनंट कर्नल सुरेश पाटील उभे राहिले. आपल्या मराठवाड्यात 2017 पासून माजी सैनिकांचीच इको बटालियन झाडं लावतेय.

आता कुणी म्हणेल, मेजर, फौजेतले सगळेच काय धुतल्या तांदळाचे? नाहीत. कुलाब्याच्या 'आदर्श' इमारतीतल्या फ्लॅट घोटाळ्याच्या यादीत फौजेतलीही बडी नावं होती. त्यामुळं वर्दी बघून डोळे मिटा, असं मी म्हणत नाही. काम द्या, मुदत घाला, हिशेब मागा. फौजीला हिशेब मागितल्याचा राग येत नाही, आयुष्यभर त्यानं तेच केलेलं असतं.

आणि कामं काही कमी नाहीत. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की खेप खरंच आली का, किती पाण्याची आली, याची लॉगबुकवर सही कोण करतं? रोजगार हमीच्या हजेरीपटावरचा माणूस खड्ड्यावर दिसतो का, हे कोण बघतं? पहाटे भोकरदन रस्त्यावर भरतीसाठी पोरं धावतात, त्यांच्यातल्या चारदोघांना तरी 'जवानच का, अधिकारी का नाही?' असं विचारून संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची वाट कोण दाखवतं? 1977 पासून ती एनडीएची तयारी करून घेते. आमच्यापासून लांबही नाही.

घाई यासाठी, की अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीस भरतात. फौजेत कायम होणार त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर, पेन्शनशिवाय घरी येतील. त्यांना स्टुलावर बसवायचं, की पुढाऱ्याच्या गाडीमागं पळवायचं, हे गावांनी आधीच ठरवलेलं बरं.

सरपंचांना आणि तालुक्यातल्या सगळ्या ग्रामसभांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या सभेत ठराव घ्या. गावातल्या माजी सैनिकांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून मागवा आणि टँकरचं लॉगबुक, हजेरीपटाची तपासणी त्यांच्याकडं वर्षभरासाठी सोपवा. वर्षानंतर पुन्हा ग्रामसभेतच त्यांच्याकडून हिशेब घ्या. पिंपळगावात पहिलं नाव माझं लिहिलं तरी चालेल.