बाळंतिणीचे ‘समाधान’ कोणी मोजायचे?

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या हमालाच्या किंवा दुकानातल्या कामगाराच्या घरी बाळंतपण आले की सरकारी आधार म्हणजे सुलतान बाजारचे किंवा मुसी नदीपलीकडचे पेटलाबुर्जचे प्रसूती रुग्णालय. पेटलाबुर्जमध्येच जून २०१७ मध्ये तेलंगणा सरकारची ‘केसीआर किट’ योजना सुरू झाली: मुलगा झाला तर १२ हजार, मुलगी झाली तर १३ हजार रुपये, शिवाय बाळंतिणीचे व बाळाचे सामान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान तेलंगणात सरकारी दवाखान्यांतली बाळंतपणे ३०.५ टक्क्यांवरून ४९.७ टक्क्यांवर गेली. हे मोठे यश आहे. पण बाई दवाखान्यात आली, एवढ्यावरून तिला तिथे नीट वागवले असे ठरत नाही.

सरकारी दवाखान्यांतली प्रसूतीसेवा सुधारण्याच्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात ८० टक्के लाभार्थी समाधानी असाव्यात, अशी अट बक्षीसनिधीशी जोडलेली आहे. हेतू चांगला, पण मोजमाप कच्चे आहे. बाळ सुखरूप हातात आलेले, घरी जायची घाई, आणि विचारणारे त्याच दवाखान्याचे. अशा वेळी कोणती बाई तक्रार करील? त्यातून अपेक्षाच कमी असली तर ओरडा खाल्लेली बाईसुद्धा ‘सगळे चांगले होते’ म्हणते. म्हणून समाधान नव्हे, घडलेले विचारा. कळा येत असताना जवळ कोण होते? तपासण्याआधी सांगितले का? कोणी अपशब्द बोलले, हात उगारला? सिझेरियन का करावे लागले, हे तिला कळेल अशा भाषेत सांगितले का? शेवटचा प्रश्न तेलंगणात फार मोलाचा आहे, कारण त्याच पाहणीच्या पाचव्या फेरीत तिथली ६०.७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली; खासगीत ८१.५, सरकारीत ४४.५ टक्के. हैदराबादेतल्या, तेलुगू नीट न समजणाऱ्या एखाद्या मराठी सुनेने कागदावर सही केली, तर त्या सहीला संमती कसे म्हणायचे?

मुहूर्त पाहून घरचेच सिझेरियन मागतात, असे डॉक्टर सांगतात, आणि ते पुष्कळदा खरे असते. पण मागणी घरच्यांची आणि पोट बाईचे, म्हणून तिला एकटीला विचारणे अधिकच गरजेचे. जीव वाचवणे आधी, वागणूक नंतर, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि १५ हजारांवर स्त्रिया होत्या: कळांच्या वेळी अखंड सोबत मिळाली तेव्हा सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ थोडा आखडला, वाईट अनुभवाच्या तक्रारीही घटल्या. गर्दीची अडचण मात्र खरी आहे. एका परिचारिकेवर अनेक बाळंतिणी असतील तर तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणे तिच्यावरही अन्याय आहे. तिथे माणसेच वाढवावी लागतील. तोवर दोन खाटांमध्ये पडदा लावून आई, सासू किंवा बहिणीला आत घेता येते. केंद्राने २०१६ मध्येच त्याला परवानगी दिली आहे. आणि वागणुकीचे वरचे प्रश्न महिन्याभराने, घरी जाऊन, दवाखान्याशी संबंध नसलेल्या बाईने विचारावेत. तेलंगणाच्या आरोग्य खात्याने सुरुवात पेटलाबुर्जपासूनच करावी.