उलटा वर्ग आणि सरळ हिशेब

घाट ओलांडून धारवाडला शिकावयास जाणे ही गोव्यातील जुन्या पिढीला अपरिचित गोष्ट नव्हे. धेंपे आणि चौगुले ही महाविद्यालये १९६२ साली निघाली. तोपर्यंत कला वा विज्ञान शाखेची पदवी हवी असणाऱ्या गोमंतकीय तरुणाला सीमेपलीकडची वाट धरावी लागे. १९१७ चे कर्नाटक महाविद्यालय आणि १९४९ चे कर्नाटक विद्यापीठ यांनी धारवाडला विद्येचे गाव केले. मराठी कथेला आगळे वैभव देणारे जी. ए. कुलकर्णी यांनी तेथेच वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविले. हुबळी-धारवाड या जोडशहरात आज अध्यापनाचा जो एक प्रयोग चालू आहे, त्याकडे आम्ही किनाऱ्यावरच्या लोकांनी म्हणूनच आपुलकीने आणि तितक्याच चिकित्सेने पाहिले पाहिजे.

बेळगावात १९१६ साली स्थापन झालेल्या के. एल. ई. संस्थेचे हुबळी येथील भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय स्वातंत्र्याच्याच वर्षी, म्हणजे १९४७ साली सुरू झाले. त्याचे आता तंत्रविद्यापीठात रूपांतर झाले आहे. शिकवावे कसे, हाच तेथे संशोधनाचा एक विषय आहे. तेथील काही अध्यापकांनी आपापल्या विषयांत ‘फ्लिप्ड क्लासरूम’, म्हणजे उलटा वर्ग, ही पद्धती वापरून पाहिली आणि तिचे अनुभव शिक्षणविषयक नियतकालिकांतून मांडले. पद्धती ऐकावयास सोपी आहे. व्याख्यान विद्यार्थ्याने घरी, चित्रफितीतून किंवा टिपणातून, आधीच समजून घ्यावयाचे. आणि घरी एकट्याने सोडवावयाची उदाहरणे वर्गात, गटाने आणि अध्यापकाच्या नजरेखाली सोडवावयाची. जेथे अडते तेथे शिक्षक जवळ असावा, एवढेच तिचे सूत्र.

ही कल्पना अधांतरी नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी १९९१ च्या सुमारास व्याख्यान आवरते घेऊन वर्गात प्रश्न टाकावयास आरंभ केला. प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर द्यावयाचे, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा द्यावयाचे, अशी त्यांची रीत. २००७ मध्ये कोलोरॅडोतील बर्गमन आणि सॅम्स या दोन शाळाशिक्षकांनी गैरहजर मुलांसाठी पाठांच्या फिती तयार केल्या आणि उलट्या वर्गाला आजचे रूप आले. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकी या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र तपासून २०१४ साली असे दाखविण्यात आले की, केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गात सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होतात, तर जेथे विद्यार्थ्यांना वर्गातच विचारास व कृतीस लावले जाते तेथे सुमारे २२ टक्के. शंभरांतील बारा मुले वाचत असतील, तर या पद्धतीची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु ही बारा मुले चित्रफितीने वाचविलेली नाहीत. ती वाचली वर्गातल्या त्या एका तासाने, आणि या तासाचा विचार आमच्याकडे कोण करतो? गोवा सरकारच्या उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० साली ‘दिष्टावो’ उपक्रमाखाली येथील प्राध्यापकांकडूनच पाठांच्या फिती तयार करवून घेतल्या, हे स्तुत्य झाले. पुढे २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडण्यात आली. या दोहोंची सांगड घालून ‘फीत आहे, मग शिक्षक कशाला?’ असा हिशेब एखाद्या कारकुनी डोक्यातून निघण्यास वेळ लागणार नाही. उलट्या वर्गाचा याहून मोठा विपर्यास दुसरा नसेल. या पद्धतीत शिक्षकाचे काम घटत नाही, वाढते. प्रश्न रचणे, उत्तरे तपासणे, कोण कोठे अडला हे हेरणे, हे सारे जुने टिपण वाचून दाखविण्याइतके स्वस्त नाही. आणि आमच्या महाविद्यालयांत तर अनेक तरुण अध्यापक तासांच्या हिशेबाने राबत आहेत. वर्गात उभे राहिल्याचे पैसे मिळतात, तयारीचे मिळत नाहीत. अशा माणसाकडून उलटा वर्ग मागणे म्हणजे त्याच्याकडून वेठ मागणे होय.

विद्यार्थ्याची बाजूही पाहिली पाहिजे. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या गावातून पहाटेची बस धरणारा, सायंकाळी बापाला दुकानात हातभार लावणारा मुलगा घरी पाठ केव्हा पाहणार? डोंगराआड मोबाईलची रेंज नसेल तर त्याने काय करावे? जो तयारी करून येऊ शकत नाही तो व्याख्यानालाही मुकतो आणि चर्चेलाही. हुशार व सुस्थित मुले पुढे जातात, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तोच मागच्या बाकावर मुका बसतो. वर्षाअखेरीस परीक्षा मात्र घोकंपट्टीचीच. मग ‘सर शिकवीतच नाहीत’ अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली तर दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हुबळीचा धडा जरूर घ्यावा, पण तो पुरता घ्यावा. तयारीचे तास अध्यापकाच्या कामात व वेतनात धरावेत. फितीबरोबर चार पानांचे छापील टिपण, शक्य तेथे विद्यार्थ्याच्या भाषेत, हातात द्यावे. ग्रंथालय सकाळी लवकर उघडावे आणि वेळापत्रकात पूर्वतयारीचा एक तास राखावा. शंभरांच्या वर्गाच्या तुकड्या पाडाव्यात, आणि प्रश्नपत्रिकेने पाठांतरापेक्षा विचाराला अधिक गुण द्यावेत. एवढे करण्याची तयारी नसेल, तर परिपत्रक काढून वर्ग उलटविण्याच्या भानगडीत सरकारने पडू नये. धारवाडची वाट तुडविणाऱ्या त्या पिढीने शिक्षणासाठी मोल मोजले होते. आज ते मोजण्याची पाळी शासनाची आहे. ते गरीब विद्यार्थ्याच्या आणि तासावर राबणाऱ्या शिक्षकाच्या माथी मारून कोणताही वर्ग सुलटा होणार नाही.