कुंडमळा आणि युगान्ताची चिन्हे

15 जून 2025 रोजी तळेगाव दाभाडेजवळील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा आपत्तीनंतर युगान्ताची भाकिते कानी येतात. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावले (लूक 13:4), तेव्हा प्रभू येशूने मृतांना अधिक पापी ठरविले नाही. ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाची हाक दिली. ती घटका केवळ पित्यालाच ठाऊक आहे (मत्तय 24:36). म्हणून ख्रिस्तसभा तारखा मोजत नाही; जागृत राहण्यास सांगते. कुंडमळ्यास धोक्याचा फलक होता, नव्या पुलाचे काम मात्र सुरू झाले नव्हते. आकाशात चिन्हे शोधणारे आपण, समाज व शासन, हे समोरचे चिन्ह वाचण्यास का चुकलो? मृतांसाठी प्रार्थना करताना आम्ही हाच प्रश्न स्वतःस विचारतो.