पोरं बिघडली म्हणणाऱ्या संशोधनाला आमचे काही प्रश्न

मागच्या महिन्यात आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गुगल फॉर्म येऊन पडला. विषय होता, 'इंटरनेटचा युवकांच्या मनोवृत्तीवर व संस्कृतीवर होणारा परिणाम'. कोणा प्राध्यापकांचं संशोधन. प्रत्येक प्रश्नाला 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय. त्यातला एक प्रश्न होता, इंटरनेटमुळे तरुण आपल्या संस्कृतीपासून दूर जात आहेत असे आपणास वाटते का? एका पोरानं तिथंच विचारलं, "आपली म्हणजे कोनाची, भाऊ?"

याचं उत्तर फॉर्ममध्ये कुठंच नव्हतं. वय, लिंग, शिक्षण, घरचं उत्पन्न, दिवसाचे किती तास मोबाईल, सगळं विचारलं होतं. जात तेवढी विचारली नव्हती.

मित्रांनो, हा एका फॉर्मचा दोष असता तर आम्ही लेख लिहायला बसलो नसतो. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही असे डझनभर शोधनिबंध वाचले, आणि खरं सांगायचं तर परीक्षेत त्यांतलंच लिहून पासही झालो. साचा ठरलेला असतो. एका कॉलेजातली शे-दोनशे पोरं घ्यायची, तास मोजायचे, टक्केवारी काढायची आणि शेवटी पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावं अशी शिफारस करायची.

पण त्यात 'संस्कृती' म्हणून काय मोजतात ते बघा. एकत्र कुटुंब, सणवार, वडीलधाऱ्यांचा शब्द, घरच्यांच्या पसंतीनं लग्न. यापासून दूर गेला की 'नकारात्मक परिणाम'. म्हणजे इन्स्टावर ओळख झालेल्या दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करीन म्हणणारी मुलगी या मोजपट्टीवर बिघडलेली ठरते! बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नावर. जात टिकते ती तिथं. २०११-१२ च्या आयएचडीएस पाहणीत देशभरात जातीबाहेरची लग्नं जेमतेम ५ टक्के निघाली, आणि घरात कोणीतरी अस्पृश्यता पाळतं असं २७ टक्के कुटुंबांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की हातात फोन आल्यानं ते ५ टक्के हलले का? लग्नाच्या अ‍ॅपला जात विचारायची लाज वाटत नाही. संशोधकालाच का वाटते?

२०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा खून झाला. त्याचा मोबाईलवापर दिवसाला किती तास होता, या माहितीचं आम्ही काय करायचं?

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक आणि जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. जून २०२२ मध्ये अमरावतीतच एका औषध व्यावसायिकाचा खून झाला. नुपूर शर्मा यांच्या समर्थनाची व्हॉट्सअ‍ॅप पोस्ट हे त्यामागचं कारण असल्याचं तपास यंत्रणा सांगते. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून दंगल पेटली आणि एका माणसाचा जीव गेला. अमरावतीत आणि अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद झालं आणि चर्चेत वाक्य एकच, 'सोशल मीडियानं पोरांची डोकी भडकवली.'

या वाक्यात सगळ्यांची सुटका आहे. बंद पुकारणारे सुटतात, चौकात भाषण ठोकणारे सुटतात, वर्षानुवर्षं दोन मोहल्ल्यांत भिंत बांधणारेही सुटतात. सापडतं ते पोरगं, ज्यानं पोस्ट पुढं ढकलली. एक गुन्हा दाखल झाला की त्याची पोलीस भरती तिथंच अडकते.

थोडं मागं जाऊ. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली. मोठ्या वर्तमानपत्रांनी तिला जागा द्यायला कित्येक दिवस लावले. बातमी पोहोचली ती पत्रकांतून, फोनवरून, ई-मेलमधून. नोव्हेंबरात अमरावतीत तरुण रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात एक जण मारला गेला. तेव्हा या पोरांच्या खिशात स्मार्टफोन नव्हता, रील नव्हतं. तरी ती रस्त्यावर आलीच. त्या वेळी सरकारी पातळीवरून नक्षलवाद्यांचा हात शोधला गेला, आता मोबाईलचा शोधला जातो. पोरांचा स्वतःचा राग असू शकतो, त्याला कारण असू शकतं, हे ना तेव्हा सुचलं ना आता.

माध्यम म्हणजे इंजेक्शन, टोचलं की माणूस बदलला, ही समजूत समाजशास्त्रानंच ऐंशी वर्षांपूर्वी मोडीत काढली आहे. पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायोतल्या ईरी परगण्यातल्या मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून अभ्यास केला. १९४४ साली त्यावर पुस्तक आलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं थेट मत बदलत नाहीत, मधे ओळखीचा, शब्दाला वजन असलेला माणूस असतो, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे तो मधला माणूस कोण? ग्रुपचा अ‍ॅडमिन, मंडळाचा अध्यक्ष, पानठेल्यावर रोज बसणारा पक्षाचा कार्यकर्ता. तासांची टक्केवारी काढणाऱ्याला तो दिसतच नाही, कारण त्याच्याबद्दल प्रश्नच नाही.

चांगलं काम होतच नाही असं आम्ही म्हणत नाही. लोकनीती-सीएसडीएसच्या २०१९ च्या अहवालानं जात विचारली. तेव्हा दिसलं, की समाजमाध्यमांचा भरपूर वापर करणाऱ्यांचं प्रमाण दलित-आदिवासींपेक्षा उच्चजातीयांत जवळपास दुप्पट आहे. एनएफएचएस-५ नं बायकांना वेगळं विचारलं. देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. म्हणजे 'युवक' नावाचा एकसंध प्राणी अस्तित्वात नाही. विचारलं की कळतं.

सरकारनं तर विचारायचंच सोडलं. इंटरनेट बंद करण्याच्या आदेशांवर संसदेच्या स्थायी समितीनं डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. बंदीमुळे दंगल खरंच आटोक्यात येते का, याचा अभ्यासच झालेला नाही, असं समितीनं त्यात नोंदवलं. दीड वर्षानं अकोल्यात पुन्हा तेच बटण दाबलं गेलं. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिलेल्या पोराचं नुकसान कोण मोजणार?

आणि सगळ्यात मोठी माहिती कंपन्यांच्या कुलपात आहे. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीचा अभ्यास करायला मेटानं विद्यापीठांतल्या संशोधकांना आत घेतलं, २०२३ मध्ये त्यांचे निबंध छापून आले. सार्वजनिक पोस्टींचा माग काढता येई ते क्राउडटँगल हे साधन त्याच कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. मराठीतला जातीय शिवीगाळीचा मजकूर कोणाच्या फोनवर किती वेळा वर आणला गेला, हे अकोल्याच्या संशोधकाला कोण दाखवणार?

आता आपल्याही घरात बघू. बाबासाहेबांच्या नावानं बनावट वाक्यं फिरवणारे ग्रुप आपलेच आहेत. ग्रंथ कपाटात, स्टेटस मात्र रोज. दुसऱ्या गटाच्या नेत्याला रात्री दोन वाजेपर्यंत शिव्या घालणारी पोरंही आपलीच. 'मूकनायक' काढताना १९२० साली पैशांची किती ओढाताण होती हे त्यांना सांगितलं की ती फोनमधून मान वर करत नाहीत. हे का होतं, याचाही अभ्यास हवा, फक्त तो पोरांना आरोपी करून नको.

म्हणून तो फॉर्म आम्ही भरला नाही. त्याऐवजी अभ्यासवर्गातल्या मुलामुलींना वह्या दिल्या. पंधरा दिवस लिहायचं, काय आलं, कोणी पाठवलं, तो माणूस प्रत्यक्षात कुठं भेटतो, वाचून तुम्ही काय केलं, घरी कोणाशी बोललात. स्वतःचं नाव लिहायचं नाही, कोणाचा नंबर लिहायचा नाही. वही उद्या कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, हे आपल्याला भीमा कोरेगावनंतर कोणी शिकवायची गरज नाही.

पहिल्या आठवड्यात मुलांच्या वह्या भरून आल्या. मुलींच्या बऱ्याचशा कोऱ्या. रविवारी विचारलं तेव्हा कळलं, फोन भावाचा आहे, संध्याकाळी तो घरी आला की त्याच्याकडे जातो, आणि तो काय बघतो हे त्यांना माहीत नाही. आता त्या वहीत आम्ही एक रकाना वाढवला आहे: फोन कोणाचा?

जय भीम!