चित्र टांगणाऱ्याचे पैसे

मुंबईच्या बीकेसीतल्या कचेऱ्यांत चित्रं टांगणारा सुटा कारागीर बहुधा रात्री येतो. दिवसा लिफ्ट आणि माणसं मोकळी नसतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर, उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा, हा संकेत. पण खरी परीक्षा भिंतीची. काँक्रीटला हॅमर ड्रिल आणि गिट्टी पुरते. जिप्समच्या पोकळ पार्टिशनमध्ये तीच गिट्टी जड फ्रेमसकट उपसून येते, म्हणून आतली पत्र्याची चौकट शोधावी लागते किंवा प्लायचा आधार द्यावा लागतो. एवढं कसब आणि बिल मात्र महिनोन्‌महिने अडकलेलं, याची मला चीड येते. 2006च्या एमएसएमईडी कायद्यात नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे चुकते करण्यासाठी कमाल मुदत 45 दिवसांची आहे. कारागिरांनो, या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी आजच करा.