घरच्या घरी : भांडी धुण्याच्या यंत्राचे दार

भांडी धुण्याच्या यंत्राचे दार उघडताच हातातून निसटून धाडकन खाली आदळू लागले, की यंत्र निकामी झाले असा समज होतो. वस्तुतः पुष्कळदा दोष एका लहानशा दोरीचा असतो.

हे दार तळाशी असलेल्या बिजागऱ्यांवर फिरते. त्याचा भार तोलण्यासाठी दोन्ही बाजूंस एकेक स्प्रिंग असते. अनेक यंत्रांत ती कप्पीवरून गेलेल्या दोरीने बिजागरीस जोडलेली असते. एक दोरी झिजून तुटली, की दार जड लागते. दोन्ही तुटल्या, की ते कोसळते. अशा दाराखाली रांगत्या मुलाचा हात सापडू शकतो. म्हणून ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

यंत्राची हमीची मुदत चालू असेल, तर ते स्वतः उघडू नये. मुदत संपली असल्यास मॉडेल क्रमांक पाहून नव्या दोऱ्या आणाव्यात. त्या जोडीनेच बदलाव्यात. कारण एक तुटली तेव्हा दुसरीही तितकीच झिजलेली असते.

प्रथम प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पाण्याची तोटी बंद करावी, आतील भांडी काढून घ्यावीत आणि दार मिटावे. मिटलेल्या दाराच्या स्प्रिंगवर ताण सर्वांत कमी असतो. मागील नळ्यांना हिसका न देता यंत्र सावकाश पुढे ओढावे व बाजूचे पत्रे काढावेत. पत्र्याची कडा हात कापते, तेव्हा जाड हातमोजे घालावेत. जुन्या जोडणीचे छायाचित्र घेऊन ठेवावे. मग स्प्रिंग पकडीने घट्ट धरून सोडवावी, नवी दोरी कप्पीवरून घ्यावी व स्प्रिंग पुन्हा आकड्यात अडकवावी.

आता परीक्षा. दार अर्धे उघडून, खाली हाताचा आधार ठेवून, हलकेच सोडावे. ते जागच्या जागी राहिले, तर तोल साधला. खाली जात असल्यास दोन्ही स्प्रिंगांचा ताण सारखाच वाढवावा. वर उचलले जात असल्यास कमी करावा.

मात्र दाराच्या खिट्टीजवळील वायर उघडी पडलेली अथवा जळालेली दिसली, तर तेथेच थांबून कारागिरास बोलवावे. आपले काम कोठे संपते हे ओळखणे, हाही दुरुस्तीचाच एक भाग आहे.